आतली कडी

अण्णा आत कुणाशी तरी बोलत होते.

मी खांद्यावर टॉवेल टाकून बाथरूमच्या दाराशी उभी होते. आत बादलीत पाणी पडत होतं, गॅसचा गिझर भसभसत होता आणि त्या गलक्यातून अण्णांचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. एखादं वाक्य झालं की ते थांबायचे, समोरच्याला बोलायला वेळ द्यावा तसे, आणि मग "हं, ते खरं," असं काहीतरी म्हणून पुढं सुरू व्हायचे. फोनवर माणूस असंच बोलतो. पण आमचा फोन बाहेरच्या खोलीत, आईनं विणलेल्या क्रोशाच्या रुमालाखाली, जागच्या जागी होता.

"अण्णा, झालं का?" मी हाक मारली.

आतलं बोलणं तुटलं. पाणी चालूच राहिलं.

"येतो, थांब जरा," अण्णा म्हणाले. मग आवाज उतरवून, मला नव्हे, आतच कुणाला तरी, "वैजू आलीय," असं म्हणाले.

मी दारापासून एक पाऊल मागं सरले.

नाशिकच्या आमच्या घरातली ही गोष्ट. बरीच वर्षं झाली, पण ते दार, ती कडी मला अजून डोळे मिटून काढून दाखवता येईल. मी तेव्हा पुण्याला शाळेत शिकवायचे. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर आई गेली होती, आणि गेली ती याच बाथरूममध्ये. घरात रंगकाम चाललं होतं, ती आंघोळीला म्हणून आत गेली आणि बाहेर आलीच नाही. अण्णांनी दार फोडलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका असं लिहून दिलं, आणि साठी ओलांडलेल्या बाईबद्दल त्याहून जास्त कुणी विचारत नाही. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, मीही परतले. "माझं मी बघतो," अण्णा म्हणाले होते. ते तसं म्हणाले की विषय संपायचा.

मग ऐन थंडीत एके दिवशी शेजारच्या सानपकाकूंचा फोन आला. "वैजू, तू निघून ये बाई. तुझे अण्णा न्हाणीघरात तासन्‌तास बसतात गं. काल बाहेर आले ते मागच्या ओट्यावर बसलेच. बसले कसले, पडलेच म्हण. मी बोळातून पाहिलं म्हणून बरं. एखाद्या दिवशी नाही पाहिलं तर?"

त्या 'तर'नंच मला पहिल्या गाडीत बसवलं.

कडी वाजली आणि अण्णा बाहेर आले. वाफेचा लोट आला त्यांच्या मागून. गाल लालबुंद, डोळे जड, पावलं टाकताना भिंतीचा आधार.

"डोकं दुखतंय का?"

"छे. गरम पाण्यानं जरा सुस्ती येते."

अण्णा, म्हणजे भालचंद्र गायधनी, एसटीच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. घरातला खिळादेखील वाकडा खपायचा नाही त्यांना. मात्र घरातलं काम हाती घ्यायचे ते त्यांच्या सवडीनं. "लोकांच्या गाड्या वेळेवर सुटतात, माझी कामं मात्र दिवाळीनंतर," असं आई म्हणायची आणि ते हसून पेपर वाचत राहायचे. आईच्या वेळी फोडलेली कडी मात्र त्यांनी तिच्या तेराव्याच्या आत बदलली होती. जाडजूड लोखंडी, दारातून आरपार बोल्ट घालून बसवलेली. नवीन कडी कशाला, असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

खरं तर आमच्याकडे ती कडी कधी लावतच नसत. आईचा दंडकच होता तसा. तिच्या माहेरी कुणीतरी मोरीत घेरी येऊन पडलं होतं, दार उघडेना, तेव्हापासून तिनं कानाला खडा लावलेला. घरात कुणी आंघोळीला गेलं की स्वयंपाकघरातून तिची हाक यायची, "कडी लावू नका गं!" पाहुणे लाजायचे. तिचा आवाज चार घरं जायचा. तोच माझ्या गळ्यात उतरलाय, त्यामुळे वर्गात मला कधी टेबलावर डस्टर आपटावं लागलं नाही. आईनं स्वतः कडी लावली ती त्या एकाच दिवशी. घरभर रंगारी फिरत होते, म्हणून.

त्या सकाळी अण्णांच्या मागोमाग मी आत गेले. वर छतालगत झरोका होता, तिरक्या काचांच्या पट्ट्यांचा. रंगाऱ्यांनी काचांवर रंग उडू नये म्हणून चिकटवलेले वर्तमानपत्राचे कागद अजून तसेच होते, आणि काचा ऑइलपेंटनं चौकटीला धरून बसल्या होत्या. हलवून पाहिल्या, ढिम्म हलल्या नाहीत. आरशावर आईची मोठी मरून टिकली होती. आंघोळीआधी टिकली काढून आरशाला चिकटवायची तिची सवय. मी बोटाच्या टोकानं तिला हात लावला. महिने लोटले होते, पण वाफेनं ती ओली आणि मऊ झाली होती, आत्ताच कुणी काढून लावल्यासारखी.

पाहुणी म्हणून, की अण्णा बाहेर होते म्हणून, मीही कडी लावली.

अंगावर गरम पाणी घेतलं. गिझरच्या छोट्या खिडकीत निळ्या ज्वाळा नाचत होत्या. दोन तांबे झाले असतील नसतील, कपाळात ठणका सुरू झाला आणि हात जड पडले. बसावंसं वाटलं. तशीच बसून राहावं, कुणी उठवू नये, असं छान वाटायला लागलं. आणि माझ्या मागून, अगदी उजव्या खांद्यापाशी, आवाज आला.

"वैजू, कडी काढ."

मागे भिंत होती. आवाज आईचा होता. ओरडून नव्हे, पदराला हात पुसता पुसता सांगावं तसा. मी कशी उठले, कडी कशी ओढली, आठवत नाही. दार किलकिलं झालं, गार वारा अंगावर आला आणि मी उंबऱ्याशी गुडघ्यांत डोकं घालून बसले.

चहाच्या वेळी मी सहज बोलावं तसं म्हणाले, "अण्णा, आत फार कोंडतं हो. मला गरगरलं. कडी काढून बसले."

त्यांनी कप खाली ठेवला. "का काढलीस?"

"म्हणजे?"

"कडी. कुणी सांगितलं काढायला?"

वेळेवर खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. लहानपणी चोरून खाल्लेल्या खोबऱ्यापासून तीच तऱ्हा. "आईचा आवाज आल्यासारखं वाटलं," मी म्हणाले. "भास हो. डोकं जड झालं होतं ना."

अण्णांचा चेहरा उजळला. आई गेल्यापासून तो चेहरा मी असा पाहिला नव्हता, आणि त्या उजळण्याचीच मला भीती वाटली.

"काय म्हणाली?"

"अण्णा, सोडा ना."

"सांग की. काय म्हणाली?"

"कडी काढ म्हणाली."

"हां!" ते समाधानानं मागं टेकले. "तेच म्हणते. मलाही. 'अहो, कडी काढा.' रोज तेच. मी बोलतो ते सगळं ऐकून घेते, पण स्वतः बोलते ती एवढंच."

"मग तुम्ही काढता ना?"

"लगेच नाही." कपातल्या चहावर साय धरत होती, तिच्याकडे ते बघत राहिले. "कडी काढली की जाते ती."

पुण्याला एका लॉजमध्ये नवराबायको गिझरच्या गॅसनं गुदमरल्याची बातमी मी वर्षभरापूर्वी वाचली होती. तेव्हा हळहळून पान उलटलं होतं. आता ती बातमी माझ्यासमोर चहा पीत बसली होती. माझा बाप रोज सकाळी दार लावून तिथवर जात होता आणि आईनं हाकललं की परत येत होता. एखाद्या दिवशी त्यानं ऐकलं नसतं तर?

मी गिझर काढून टाका म्हणाले. अण्णा म्हणाले, गिझर काढलास तर या घरात पाऊल टाकू नकोस. मी पुण्याला चला म्हणाले, तर त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. दुपारी मी त्यांच्यासाठी जाड घोंगडी काढायला माळ्यावर चढले आणि घोंगडीच्या मागं एक खोका दिसला. एक्झॉस्ट फॅनचा, न उघडलेला.

"हा कुणी आणला?" मी खाली उतरून विचारलं. अण्णांनी खोक्याकडे पाहिलं आणि उठून अंगणात निघून गेले.

उत्तर सानपकाकूंनी दिलं, बोळातल्या भिंतीवरून. "प्रमिलानंच, तुझ्या आईनंच आणला की. दसऱ्याच्या आधी, माझ्याबरोबर मेन रोडला आलेली. म्हणे, त्या गिझरनं माझं डोकं चढतं, पंखाच बसवून टाकते. अजून बसवला नाही होय?"

मी त्याच संध्याकाळी चौकातल्या खैरनार इलेक्ट्रिशियनला गाठलं. दुसऱ्या दिवशी तो यायला तयार झाला. गिझर बदलणारा माणूस मात्र सोमवारशिवाय मिळेना. विजेचा गिझर बसेपर्यंत पंखा आणि माझी राखण, एवढ्यावर भागवायचं होतं. अण्णांसमोर मी सरळच बोलले, "पंखा बसेल नाहीतर मी इथून हलणार नाही. माझी नोकरी गेली तरी चालेल." त्यांचं गप्प राहणं म्हणजे होकार, असं मी समजून घेतलं.

खैरनार बोलका गडी. आल्या आल्या झरोक्याकडे बघून जीभ चावली. "ताई, गॅसचा गिझर नि झरोका असा लिंपलेला? आणि यात माणसं आंघोळी करतात? धन्य आहे!" मग कडी दिसल्यावर तो थबकला. "ही कडी बाथरूमची हाय का तुरुंगाची?"

"तीही काढून टाका," मी म्हणाले.

"आरपार बोल्ट हाय, गंजून धरलंय. याला मोठा पाना लागंल. उद्या घेऊन येतो. टेन्शन नका घेऊ."

झरोक्याच्या पट्ट्या उखडायच्या तर चौकटच हातात आली असती, म्हणून त्यानं शेजारी भिंत कापायची ठरवली. मशीन लावलं आणि घर थरथरलं. ताजा, फिकट निळा रंग, सिमेंट, विटेचा लाल चुरा, सगळं धुक्यासारखं पसरलं. मी खाली शिडी धरून उभी होते. नाकातोंडात धूळ जाऊन मी खोकत होते, आणि त्यातच अण्णा मागून आले.

"बंद कर ते!"

"अण्णा, तुम्ही बाहेर बसा."

"भिंत कापू नको म्हणतो ना! बंद कर!"

"तो बंद करणार नाही!" मीही ओरडले. मशीनच्या वरताण ओरडत होतो आम्ही दोघं. आयुष्यात मी अण्णांसमोर पहिल्यांदा तसा आवाज चढवला. काय काय बोलले ते आता आठवत नाही, "तुम्हालाही तिच्यामागं जायचंय का?" हे मात्र आठवतं. खैरनारनं मशीन बंद केलं तेव्हा माझं शेवटचं वाक्य रिकाम्या शांततेत पडलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, आणि जाऊन ओट्यावर पाठ करून बसले.

दुपारपर्यंत पंखा बसला. चालू केला की मागच्या झडपा उघडायच्या, बंद केला की मिटायच्या. माझ्या सांगण्यावरून खैरनारनं पंखा आणि दिवा एकाच बटणावर घेतला. दिवा लावला की पंखा फिरणारच. अंधारात कोण आंघोळ करतंय! मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

तोवर माझा घसा पार बसला होता. धुळीनं आणि त्या भांडणानं. आधी घोगरा झाला आणि दिवेलागणीला तर आवाज संपलाच. ओठ हलायचे, हवा यायची. सानपकाकू हळदीचं दूध घेऊन आल्या, हसून म्हणाल्या, "प्रमिलाची लेक आणि मुकी! ऐकलं तर देवसुद्धा विश्वास ठेवणार नाही."

रात्रीचं जेवण अण्णांनी नुसतं चिवडलं. मी खुणेनं भात वाढू का विचारलं, त्यांनी ताटावर हात धरला. बाथरूममध्ये पंखा मीच चालू ठेवला होता, त्याची घरघर घरभर ऐकू येत होती.

"हा आवाज तिला ऐकायचा होता," अण्णा म्हणाले.

मी जेवता जेवता थांबले.

"रोज पाठीशी लागायची. डोकं चढतं हो, बसवा हो. मला काय, तासाभराचं काम. पण बाथरूमला रंग नुकताच दिलेला. म्हटलं, नव्या भिंतीला लगेच भोक कशाला? दिवाळी होऊन जाऊ दे." ते ताटात बोटानं रेघा ओढत होते. "झरोक्यावर कागद लाव, असं त्या रंगाऱ्याला मीच सांगितलं. काचेवर डाग पडलेले मला चालत नाहीत ना. डॉक्टर म्हणाले हृदय. मीही म्हणालो हृदय. पण मी दार फोडलं तेव्हा गिझर चालू होता, वैजू. तिच्या डोक्यावर भसभसत होता. इंजिनाच्या धुरात माझी हयात गेली. मला नाही कळणार?"

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि माझ्याकडे नुसती हवा होती.

"तो खोका माळ्यावर होता तोवर ती हृदयानं गेली होती," अण्णा म्हणाले. "आज तू पंखा लावलास. आता ती माझ्यामुळं गेली."

मला रडू कोसळलं. तेही बिनआवाजाचं. अण्णा माझ्या पाठीवर थोपटत राहिले, लहानपणी ताप आल्यावर थोपटायचे तसे. झोपण्याआधी मी मागच्या पडवीत जाऊन गिझरच्या सिलिंडरचं बटण स्वतःच्या हातानं बंद केलं, पंखा बंद केला, आणि सकाळी अण्णांच्या आधी उठायचं ठरवून अंथरुणाला पाठ टेकली.

नाही उठले. दोन दिवसांच्या शिणानं मेल्यासारखी झोप लागली होती. जाग आली तेव्हा खिडकीत उजाडत होतं आणि पाण्याचा आवाज येत होता.

पंख्याचा नव्हता.

मी धावले. बाथरूमचा दिवा बंद होता. बटण दाबलं, पुन्हा दाबलं, काही नाही. वर मीटरच्या बोर्डाकडे पाहिलं, तर चिनी मातीच्या फ्यूजांच्या रांगेत एक जागा रिकामी, पडलेल्या दातासारखी. एसटीच्या हेड मेकॅनिकसमोर मी बटणाची हुशारी केली होती. दाराखालच्या फटीतून निळसर उजेड हलत होता. आत अंधारात फक्त गिझर पेटलेला होता, आणि अण्णांचं बोलणंही ऐकू येत नव्हतं.

"अण्णा!" मी ओरडले. म्हणजे तोंड उघडलं. घशातून फुस्स झालं, मलाच धड ऐकू आलं नाही.

मी दारावर मुठी आपटल्या. लाथा घातल्या. ती कडी, ते आरपार बोल्ट, दार तसूभर हललं नाही. तांब्या उचलून बडवायला लागले. आतून नुसतं पाणी. पुन्हा ओरडायचा प्रयत्न केला तर घशात काटा मोडल्यासारखी कळ आली. जन्मभर ज्या आवाजाचा तोरा मिरवला तो नेमका आज नव्हता. मला सिलिंडर आठवला. तांब्या टाकून मी मागच्या दारानं पडवीत पळाले. बटण उघडं होतंच. ते फिरवताना घाईत माझा हात दोनदा सटकला.

बटण बंद झालं, गिझरची भसभस थांबली, आणि त्याच क्षणी मला घरातून कडीचा आवाज आला. जाड लोखंडाचा, खणकन.

मी परत धावले. दार उघडं होतं. अण्णा ओला पंचा गुंडाळून उंबऱ्यावर गुडघे टेकून होते, एक हात अजून कडीवर. मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना फरफटत ओट्यावर आणलं. तोवर सानपकाकू बोळाच्या दारातून आल्याच होत्या, अंगावरच्या शालीसकट. तीच शाल त्यांनी अण्णांना पांघरली. अण्णा मोठमोठे श्वास घेत होते. एकदा उलटी झाली. हळूहळू ओठांचा रंग परतला, त्यांनी डोळे उघडून ओट्यासमोरच्या पारिजातकाकडे पाहिलं आणि माझा जीव भांड्यात पडला. सानपांचा मुलगा रिक्षा आणायला गेला, दवाखान्यात न्यायला.

काकू मला हाताला धरून आत घेऊन गेल्या. पाणी आणायला म्हणून, पण पाण्याच्या पिंपाशी त्या नुसत्याच उभ्या राहिल्या.

"वैजू," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "आवाज परत आला का गं तुझा?"

मी मान हलवून नाही म्हटलं. तोंड उघडून दाखवलं. फुस्स.

काकूंचा चेहरा उतरला. "मी तिकडं कणिक मळत होते. एवढ्या मोठ्यानं ऐकू आलं की परात सोडून पळाले. 'अहो, कडी काढा! अहो, कडी काढा!' असं दोनदा. मला वाटलं पोरगी घाबरून आईसारखं बोलायला लागली." त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "तू नव्हतीस ओरडली?"

मी पडवीत होते, दारापासून दहाबारा पावलांवर. चार घरं जाणारा तो आवाज बोळ ओलांडून काकूंच्या परातीपर्यंत गेला होता. आमच्याच घरात उभ्या असलेल्या मला तेवढा तो ऐकू आला नव्हता.

काकूंनी पदर तोंडाला लावला. मी त्यांच्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं. का ठेवलं, ते मला पुढच्या मिनिटाला कळलं.

मी पाणी घेऊन ओट्यावर आले. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. डोळ्यांतली झापड गेली होती. त्यांनी घोटभर पाणी घेतलं आणि उघड्या दाराकडे, आतल्या अंधाराकडे बघितलं.

"रोज पाठीमागून बोलते ती," ते म्हणाले. "खांद्यापाशी. आजही बोलली असेल, पण मी ठरवलंच होतं, आज नाही काढायची कडी. कितीही म्हणू दे." "पण आज आवाज बाहेरून आला. दाराच्या पलीकडून. म्हटलं, ही तर आत आहे, मग बाहेर कोण? बाहेर तर वैजू आहे. माझी पोर बाहेर उभी राहून रडतेय. म्हणून उठलो बघ."

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"बसलेल्या घशातून कुठून काढलास गं एवढा आवाज?" त्यांनी विचारलं, आणि मग माझ्या डोळ्यांत रोखून बघत, अगदी हळू, "तूच ओरडलीस ना?"

काकू माझ्या मागं दारात उभ्या होत्या. अण्णांच्या नजरेत परवाचा तो उजेड पुन्हा यायच्या बेतात होता, दिव्याची वात लागायच्या आधी काडी पेटते तसा. मी नाही म्हटलं असतं तर ते उद्या पुन्हा आत गेले असते. पंखा लावला असता, गिझर काढला असता, तरी हा माणूस तिला शोधायला कुठंतरी कडी लावून बसलाच असता. आणि ज्या बाईनं मरूनही एवढ्या मोठ्यानं हाक मारली होती, तिला तेच नको होतं.

मला खोटं बोलता येत नाही, हे मी मघाशी सांगितलंच. पण त्या सकाळी मला बोलावं लागलं नाही. मी मान हलवली. हो.

अण्णा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या नजरेतला तो उजेड हळूहळू विझला, त्यांचे खांदे पडले, आणि ते आई गेल्यापासून पहिल्यांदा माझ्यादेखत रडले. रडता रडताच त्यांनी उजवी मूठ पुढं केली. ती मूठ इतका वेळ मिटलेलीच होती, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तिच्यात फ्यूज होता, पाण्यानं ओला झालेला.

"पुसून लाव," ते म्हणाले. "ओला लावू नकोस."

मी तो पदराला नीट पुसला आणि बोर्डावर बसवला. आत दिवा लागला, आईनं आणलेला पंखा घरघरत फिरायला लागला आणि आरशावरची वाफ कडेनं विरत गेली.